सडा आणि पांढरी

पहिल्या पावसाच्या दोन-तीन सरी येऊन गेल्या की आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, मासा दिसायला लागायचा. तसा तो वर्षभर तिथंच असायचा, पण वैशाखात जांभा तापून काळा पडलेला, त्यावर वाळलेल्या गवताची पिवळी बुचकी. अशात तो नेमका कुठं आहे हे ठाऊक असणाऱ्यालाच सापडायचा. पाऊस पडला की त्याच्या रेघांत पाणी साचायचं आणि ढग जरा सरले की तो सगळाच्या सगळा चकाकायचा. पसरट अंग, दोन्ही बाजूंना पंखांसारखे पर, मागं बारीक होत गेलेली लांब शेपटी. गुरं चरायला सोडून आम्ही पोरं त्या शेपटीच्या रेघेवरून एकामागं एक, तोल सांभाळत चालायचो. रेघ बोटाच्या दोन पेरांएवढी खोल असेल. खाडीकाठच्या घरातल्या पोराला ते काय आहे हे कुणी सांगावं लागत नव्हतं. ते पाकट होतं. बाजारात टोपलीत पडलेलं पाहायचो तसंच, फक्त आमच्या पडवीएवढं.

आजीला विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. पांडव वनवासात इथून चालले होते, त्यांनी एका रात्रीत ही चित्रं खोदली, कोंबडा आरवला आणि काम अर्धं टाकून ते निघून गेले. कोकणात जे जे फार जुनं आहे आणि कुणी केलं हे कुणाच्या आठवणीत नाही, ते ते पांडवांच्या नावावर आहे. मला ते उत्तर पुरायचं. पुढं शिकायला बाहेर पडलो, जनावरांचा डॉक्टर झालो, आणि त्या पाकटाचा मला बरीच वर्षं विसर पडला.

मधल्या काळात त्या चित्रांचं नशीब उघडलं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं रत्नागिरी-राजापूरचे सडे पालथे घातले. गुराख्यांना विचारलं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं, आणि हजाराहून जास्त कातळशिल्पं उजेडात आणली. २०२२ मध्ये कोकणातली आठ आणि गोव्यातलं कुशावतीकाठचं एक, अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. एका सुट्टीत मी कशेळीचा हत्ती पाहायला गेलो. तो सुमारे १८ मीटर लांब आहे. एका जागी उभं राहून तो दिसतच नाही, त्याच्या भोवती फिरावं लागतं, आणि फिरताना कळतं की त्याच्या अंगात कितीतरी लहान-मोठे प्राणी, पक्षी, मासे भरलेले आहेत. तिथून देऊडच्या सड्यावर गेलो. तिथं गेंडा आहे.

त्या गेंड्यापाशी मी बराच वेळ बसलो. माझं काम जनावरांच्या अंगाचं आहे. पाठीचा बाक कुठं मोडतो, मान कुठून सुटते, पायावर भार कसा येतो, हे मी रोज हाताने चाचपतो. ऐकीव वर्णनावरून काढलेलं जनावर मला लगेच ओळखू येतं. हा गेंडा ऐकीव नव्हता. खोदणाऱ्याने तो पाहिला होता, नाहीतर ज्याने पाहिला त्याच्याकडून नीट शिकून घेतला होता. आणि कोकणात गेंडा नाही. गुजरातेत लांघणज इथं ह. धी. सांकलियांच्या उत्खननात मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याचं फऱ्याचं, म्हणजे खांद्याचं, हाड मिळालं होतं; त्यावर ठोकून ठोकून खळगे पडलेले, कारण तिथल्या माणसांनी ते ऐरणीसारखं वापरलं होतं. म्हणजे आज जिथं गेंडा नावालाही नाही तिथं तो एकेकाळी चरत होता, आणि दगडाची बारीक पाती करणारी माणसं त्याच्या हाडावर आपली कामं करत होती. फऱ्याचं हाड केवढं सपाट, केवढं रुंद असतं हे मला माहीत आहे. ऐरणीसाठी त्या जनावराच्या अंगातलं दुसरं कुठलंही हाड मी निवडलं नसतं.

या सगळ्या सड्यांवर हत्ती आहे, वाघ आहे, हरीण, मोर, कासव, मुशी, पाकट आहे. नांगर मात्र नाही. पीक नाही, पेरणी नाही, धान्याची कणगी नाही. संशोधकांनी यावरूनच म्हटलंय की ही चित्रं शिकारीवर आणि मासळीवर जगणाऱ्या माणसांची असावीत. काळाबद्दल मतं वेगवेगळी आहेत, पण बरेच जण दहा हजार वर्षांच्या आसपास मागं जातात. मला ही नांगराची उणीव तेव्हा फारशी जाणवली नव्हती. ती जाणवायला घाट चढून वर यावं लागलं.

माझी नेमणूक शिरूर तालुक्यात झाली. कोकणातल्या माणसाला पहिलं वर्ष जड गेलं. डोळ्यांना हिरव्याची सवय, आणि इथं मैलोन्‌मैल काळं रान, बाभळी, कोरडी घोडनदी. पावसाळ्याच्या तोंडाशी एका धनगराच्या वाड्यावर मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचायला गेलो होतो. वाडा म्हणजे घर नव्हे. जाळी लावून मेंढरं बसवलेली, शेजारी चार काठ्यांवर घोंगडी, तीन दगडांची चूल. इनामगावच्या शिवारातल्या पडीक रानात तो बसला होता. पलीकडे एक बसकं टेकाड होतं. मी सहज विचारलं, तर मेंढरं धरणारा पोरगा म्हणाला, पांढरी हाय.

देशावर हा शब्द घरोघरी आहे. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वसायची. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली की राख, शेण, मोडलेल्या भिंती, फुटकी मडकी यांनी मातीचा रंगच पालटतो. गाव उठलं तरी पांढरी मागं राहते. लोक ती माती धाब्यावर टाकायला नेतात, खत म्हणून रानात पसरतात. टेकाडाच्या उतरणीवर पावसाने उघडी पडलेली खापरं होती. एक उचललं. तळहाताच्या निम्म्याएवढं, भाजलेल्या विटेपेक्षा उजळ तांबडं, वर काळ्या रंगाच्या तीन तिरप्या रेघा. नखाने टिचकी मारली तर ठण्ण वाजलं. एवढं पातळ आणि एवढं पक्कं भाजलेलं मडकं मी कुंभारवाड्यातही पाहिलं नव्हतं. जिथलं होतं तिथं परत ठेवलं आणि त्या रात्री इनामगावबद्दल वाचायला बसलो. ते वाचन अजून संपलेलं नाही.

डेक्कन कॉलेजने इथं १९६८ ते १९८३ अशी उत्खननं केली. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांची ती कामगिरी. वस्ती जवळपास नऊशे वर्षं नांदली. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास माळवा पद्धतीची मडकी वापरणारे शेतकरी इथं आले. १४०० पासून ज्याला जोर्वे म्हणतात तो काळ सुरू झाला (संगमनेरजवळच्या जोर्वे गावात ती मडकी पहिल्यांदा सापडली, म्हणून ते नाव). १००० च्या आसपास काहीतरी बिनसलं. आणि ७०० च्या सुमारास गाव उठलं. शंभराहून जास्त घरं उकरली गेली. चौकोनी घरं, बुटक्या मातीच्या भिंती, कुडाचा वरचा भाग, गवताचं छप्पर, दोन घरांमधून बोळ. घरात चूल, धान्याचं पेव, रांजण टेकवायला मांडलेले चार चपटे दगड. मुख्य पीक जव. गहू होता, मसूर, वाटाणा, कुळीथ, घेवडा होता. बोरांच्या आठळ्याही मिळाल्या. नदीचं पाणी वळवायला त्यांनी चर खणला होता, बांध घातला होता. जवळच्या वाळकीला बैलाच्या हाडाचा फाळ मिळाला आहे. ज्याने जन्मभर रान कसलं त्याच्याच हाडाने पुढचं रान कसलं जावं, हे वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं होतं.

गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. पश्चिमेच्या कडेला कुंभार, सोनार, हस्तिदंतावर काम करणारा, चुना भाजणारा अशा कारागिरांची वस्ती. आपल्या गावगाड्याची पहिली आखणी इथंच दिसते असं वाटतं. एका घराच्या जमिनीखाली झाकणाचा मातीचा डबा पुरलेला मिळाला, त्याच्यासोबत शीर नसलेली एक कच्च्या मातीची बाई, आणि एक बैल. देशावर आजही बिनाशिराच्या आयांची पूजा होते हे मला माहीत आहे, पण तीन हजार वर्षांच्या अंतरावरून दोघींना बहिणी म्हणायला मी धजावत नाही.

घरांच्या जमिनीखाली आणखीही काही होतं. मुलं होती.

तान्ही आणि लहान मुलं गेली की इनामगावचे लोक दोन रांजण घेत, त्यांची तोंडं एकमेकांना भिडवून आडवे ठेवत, आत मूल. शेजारी एखादी वाटी, तोटीचं छोटं भांडं. हे सगळं घरात, पायाखालच्या जमिनीत, नाहीतर अंगणात. मोठ्या माणसांनाही तिथंच पुरत, पण आडवं, आणि बहुतेकांचे घोट्याखालचे पाय कापून. ढवळीकर वगैरे अभ्यासकांनी त्याचा अर्थ असा लावला की गेलेला माणूस घर सोडून कुठं जाऊ नये. नेवाशालाही अशाच एका बाळाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, मण्यांत धाग्याचे तंतू शिल्लक होते.

माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. नवव्या दिवशी गेली. दात न आलेल्या लेकराला आपल्यात जाळत नाहीत. वडिलांनी तिला परसात रातांब्याच्या बुंध्याशी ठेवलं. आईने याबद्दल मला कधीच काही सांगितलं नाही. मला ते आजीकडून कळलं, तेही मी कॉलेजात गेल्यावर. मग आठवलं की आई तांदूळ धुतलेलं पाणी कधी मोरीत टाकत नसे. पातेलं उचलून मागल्या दारी जायची आणि त्या रातांब्याच्या मुळाशी ओतायची. रोज. पावसाळ्यातसुद्धा, जेव्हा झाडाला पाण्याची काडीची गरज नसते. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात मी जोडरांजणांसमोर उभा राहिलो तेव्हा इतर काही सुचलं नाही, फक्त ते पातेलं डोळ्यांसमोर आलं. खेडीपाडी, पिकं, मडक्यांचे प्रकार, यांच्या याद्या माणसाला त्या काळापासून लांबच ठेवतात. तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांनी मला उचलून थेट त्या घरात नेऊन बसवलं. ज्या बाईने त्या जमिनीवर दुसऱ्या दिवशी चूल पेटवली, सारवलं, तिथंच पुढचं मूल निजवलं, ती मला ओळखीची वाटते.

आणि ही मुलं फार होती. इनामगावात दोनशेहून जास्त दफनं मिळाली, त्यांत बहुसंख्य लहान मुलांची. इथूनच माझ्या मनातली एक जुनी गोष्ट ढासळायला लागली.

ती गोष्ट शाळेत सगळ्यांनाच शिकवली जाते. माणूस आधी रानटी होता, शिकार करायचा, गुहेत राहायचा. मग त्याला शेती सापडली, तो स्थिर झाला, सुधारला. पायऱ्यांची शिडी, खालच्या पायरीवर शिकारी, वर शेतकरी, त्याच्याही वर शहर. मी ही शिडी खरी मानूनच मोठा झालो. पण दात आणि हाडं ही शिडी मानत नाहीत. गंगेच्या खोऱ्यात सराई नहार राय आणि महदहा इथं जी शिकारी माणसं मिळाली, ती धिप्पाड होती. पुरुष जवळपास सहा फुटी. त्यांचे दात झिजलेले, पण किडलेले फारच थोडे. पीठ आलं, शिजवलेलं मऊ धान्य आलं, की दात किडायला लागतात, हे जगभर दिसलं आहे. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या सांगाड्यांचा, दातांचा बारकाईने अभ्यास केला आहे. दात तयार होताना मूल आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं, तर दाताच्या लुकणावर, म्हणजे वरच्या टणक थरावर, खोलगट खूण राहते आणि ती कधी पुसत नाही. दुष्काळाच्या वर्षी जन्मलेल्या वासरांत मी हे पाहिलंय. पुढं त्यांना कितीही चारा घाला, ते वर्ष तोंडात लिहिलेलं असतं.

मग माणसं शेतीकडे गेलीच कशाला? मला वाटतं, गेली असं म्हणण्यातच चूक आहे. जणू एक घर सोडून दुसऱ्यात राहायला गेली, आणि मागची दारं बंद केली. इनामगावच्या उकिरड्यात त्याच काळात हरणांची हाडं आहेत, नदीतल्या माशांचे काटे आहेत, शिंपले आहेत. जव पिकवणाऱ्या घरातच कुणीतरी चितळ मारून आणत होतं, कुणीतरी बोरं वेचत होतं. जव हा एका हातातला घास होता. दुसरा हात मोकळा ठेवलेला होता.

हे समजायला मला खापरं लागायला नको होती. माझ्या वडिलांच्या सातबाऱ्यावर भात लागवड लिहिलेली आहे, म्हणून सरकार त्यांना शेतकरी म्हणतं. पण आमच्या घरचं वर्ष भाताने कधीच भरलं नाही. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की रात्री चूड पेटवून सगळे ओढ्यावर जात, चढणीचे मासे धरायला. मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात, खाचरांतून, बांधांवरून उड्या मारत. ज्या खाचरात उद्या लावणी, त्याच खाचरात आज मासेमारी. श्रावणात अळंबी, टाकळा, भारंगी. भात कापला की कणगर आणि करांदे खणायचे, ते कुणी लावलेले नसत. ओहोटीला बायका खडकावर कालवं फोडायला जात, खाडीत मुळे म्हणजे शिंपल्या काढत. नाचणी आणि वरी वरकस जमिनीवर. आंबा-फणसाचं तर सांगायलाच नको. एकदा मी शेतकी पुस्तकातलं काहीतरी ऐकवत होतो तेव्हा वडील म्हणाले होते, “नुसत्या भातावर कोण जगलंय रे इथं?” मला ते तेव्हा गरिबीचं बोलणं वाटलं होतं.

सड्यावर नांगर का नाही, हे मला इनामगावच्या टेकाडावर उभं राहून उमगलं ते असं. खाली समुद्र होता. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा ताट वाढत होती. खाड्यांत मासा, खडकावर कालव, रानात कंद, सड्यावर चरायला येणारं हरीण. ज्याच्याकडे एवढं आहे त्याने जव कशाला पेरावा? वरच्या कोरड्या पठारावर मात्र पाऊस चुकला की काहीच नाही. तिथं रांजणात भरून ठेवता येणारा दाणा हवा होता. सड्यावरचा माणूस मागं राहिला नव्हता. त्याला घाई नव्हती.

त्या माणसाचा किनाराही आजचा किनारा नव्हे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, बर्फयुग ऐन भरात असताना, जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होती. आपली किनारपट्टी तेव्हा कित्येक किलोमीटर पश्चिमेला होती. मग बर्फ वितळत गेलं, पाणी चढत आलं आणि पिढ्यामागून पिढ्या माणसं मागं सरत आली. त्यांच्या चुली, शिंपल्यांचे ढीग, बाळांना पुरलेल्या जागा, जे काही असेल ते आज अरबी समुद्राच्या तळाशी आहे. सडा उंच होता म्हणून चित्रं वाचली.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातली जोर्वे गावं उठली. भीमेच्या खोऱ्यात इनामगाव आणखी तीनशे वर्षं टिकलं, पण ते गाव वेगळं होतं. चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. मडकी जाडीभरडी झाली. गाईबैलांच्या जोडीला शेळ्यामेंढ्या आणि हरणांचा वाटा वाढला. ढवळीकरांनी पाऊस घटल्याचं कारण दिलं आणि लोक अर्धे भटके झाले असं मांडलं. पुढच्या अभ्यासकांनी हवामानाच्या त्या चित्रात दुरुस्त्या सुचवल्या. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी या काळातल्या मुलांच्या हाडांवर काम केलं, तेव्हा त्यांची वाढ खुंटलेली दिसली. म्हणून मी या गोल झोपड्यांचे गोडवे गाणार नाही. ते दिवस कष्टाचे होते. पण पुस्तकांतून या काळाला सर्रास ऱ्हास म्हणतात, तो शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही. भरलं कोठार असलेलं पाच खोल्यांचं घर मोडलं, म्हणून सगळे लोकच मोडले असं कसं म्हणायचं? त्यांनी मोकळा ठेवलेला हात वापरायला काढला, एवढंच झालं असेल.

तो लस टोचायचा दिवस अजून आठवतो. दीडशे मेंढरं संपायला दुपार झाली. म्हाताऱ्या धनगराने चहा दिला, मेंढीच्या दुधाचा, दाट. मी विचारलं, “बाबा, जमीन न्हाई का तुमाला?”

“हाय की. चार एकर हाय.”

“मग पोरांनी बसून करावी की. कशाला उन्हातान्हात फिरायचं?”

तो मेंढरांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “जमीन एका जागी ऱ्हाती डाक्टर. पाऊस न्हाई ऱ्हात.”

त्याच्या वाड्याची जागा गोल होती. मेंढरांच्या बसण्याने जमिनीवर काळपट वर्तुळ उमटलं होतं आणि कडेने चुलीची राख. समोर शंभर पावलांवर पांढरीचं टेकाड. उत्तर जोर्वे काळातली, म्हणजे त्या शेवटच्या तीनशे वर्षांतली, माणसं आणि हा म्हातारा यांचं नातं जोडायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि मला ते जोडायचंही नाही. पण गोल झोपडी म्हणजे घसरण, हे मी त्या दिवसापासून मानायचं सोडलं.

इनामगावच्या एका माणसाबद्दल अजून सांगायचं राहिलं. मध्यावरच्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा, पोट असलेला एक मोठा कच्च्या मातीचा रांजण मिळाला. आत साधारण चाळिशीचा पुरुष, मांडी घालून बसवलेला. त्याचे पाय कापलेले नव्हते. गावाचा प्रमुख असावा असं मानतात. त्याच्यासोबतच्या भांड्यावर एक होडी रंगवलेली आहे, लांब वल्ह्यांची.

होडी! मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीत ताठ बसलो. समुद्रापासून घाट ओलांडून इतकं आत, जव पिकवणाऱ्या गावात. घोडनदीला पूर आला की तिच्यावरही होडी चालली असेल, हे मला कळतं. पण याच गावात समुद्री शंखाचे दागिनेही मिळाले आहेत, म्हणजे खारं पाणी पाहिलेली माणसं आणि इथली माणसं यांच्यात हातोहात देवघेव चालूच होती. कुकडी नाणेघाटाच्या माथ्याजवळ उगम पावते आणि पुढं घोडनदीला मिळते. पाण्याच्या काठाने चढत गेलं की माणूस आपोआप घाटमाथ्यावर पोचतो, आणि तिथून खाली कोकण दिसतं. सातवाहनांनी नाणेघाटात जकातीचा रांजण मांडला असेल तो खूप नंतर. वाट त्याआधीची. पायवाटा राजे काढत नाहीत, त्या तहानलेली जनावरं काढतात आणि मागून माणसं जातात.

आमच्या सड्याचा पाकटाकडचा कोपरा आता नाही. चिरेखाणीत गेला. कुणी मुद्दाम फोडला नाही; यंत्र चौकोन कापत आलं आणि एका आठवड्यात शेपटी, मग पर, मग सगळंच ट्रकमधून गेलं. त्याच वर्षी आमच्या घराच्या मागच्या खोलीचं काम निघालं होतं आणि चिरे त्याच खाणीतून आले होते. मी सुट्टीत गेलो तेव्हा भिंत गिलावा करायच्या आधीची होती. एकेक चिरा हाताने चाचपून पाहिला. पाहारीच्या खुणा होत्या, यंत्राच्या पात्याच्या खुणा होत्या. आईने विचारलं, काय शोधतोयस. मी काहीच बोललो नाही. मागल्या दारातून रातांबा दिसत होता.

दसऱ्यानंतर म्हातारा वाडा उठवून निघाला तेव्हा मी वाटेत भेटलो. घोड्यावर घोंगड्या, भांडी, जाळी, त्यावर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि सगळ्याच्या वर सुनेचं सहा महिन्यांचं पोर कापडात घट्ट गुंडाळून बांधलेलं, झोपलेलं. जुन्नरवरून माळशेज उतरून मुरबाडकडे जाणार होते. भात निघाला की तिकडचे शेतकरी खाचरांत मेंढरं बसवून घेतात, लेंडीखतासाठी, आणि बदल्यात भात देतात. मी कोकणातला आहे हे तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं. “आसं व्हय,” म्हणाला, “मग तुमी वर, आमी खाली.”

होळीनंतर एका सकाळी दवाखाना उघडायला गेलो तर पायरीवर तो बसलेला. मेंढरं परत आली होती, तीन लंगडत होती. लंगडणारी तपासली, खुरं साफ करून औषध लावलं. जाताना त्याने बंडीच्या खिशातून वर्तमानपत्रात बांधलेली पुडी काढून टेबलावर ठेवली, लसीच्या खोक्याच्या शेजारी. कागद न सोडताच वासावरून कळलं. सुकट होती.